विहिरीतलं महाबळेश्वर

उन्हाळा आला की समोरच्या घरातले नाना महाबळेश्वरला जायचे आणि आमच्या घरात अण्णांचा स्वभाव बिघडायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो: सरकारी कचेरीत कारकुनी करणारे अण्णा, आई आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. नाना बँकेत होते. जाण्याच्या दिवशी त्यांचा टांगा दारात पाऊण तास उभा असायचा, म्हणजे तो गल्लीत कोणाच्या नजरेतून सुटू नये. परत आल्यावर दोन दिवस, भर मे महिन्यात, नानांच्या गळ्यात मफलर असायचा. ‘इथे फारच उकडतं हो, अण्णा,’ रस्त्यात भेटले की ते म्हणायचे, ‘आपण कसं सहन करता कोण जाणे.’ आणि जॅमची एक बाटली आमच्याकडे पाठवून द्यायचे. तो जॅम अण्णांनी जन्मात कधी तोंडात घातला नाही. मी मात्र बाटलीत बोट घालून तळापर्यंत खायचे आणि मग बाटली धुऊन आई तिच्यात मेथ्या ठेवायची.

महाबळेश्वरला जाणं आम्हाला परवडत नव्हतं. पण हे वाक्य आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही. अण्णांचं म्हणणं असं की हवापालट मैलांवर अवलंबून नसतो, अंशांवर असतो. घरातल्यापेक्षा पाच अंश गार जागा सापडली की हवापालट झाला. मग ती जागा महाबळेश्वरला असो की मंडईच्या मागे. हे सिद्ध करायला त्यांनी जुन्या बाजारातून एक थर्मामीटर आणला होता. लाकडी फळीवर बसवलेला, हातभर लांब, वर कुठल्यातरी साहेबाच्या नावाची पुसट अक्षरं. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. आई त्याला ‘तुमचं लाडकं’ म्हणायची.

त्या काळी उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमचा ‘प्रवास’ सुरू व्हायचा. सहल नाही, प्रवास. अण्णांची सायकल सामानासाठी आणि आम्ही तिघं पायी. सायकलीला एका बाजूला पाण्याचा फिरकीचा तांब्या, दुसऱ्या बाजूला डब्यांची पिशवी, मागे सतरंजीची वळकटी आणि पुढे दांडीला पंच्यात गुंडाळलेला थर्मामीटर. आम्ही हवापालटाला निघायचो म्हणजे आई पहाटे चारला उठायची. दडपे पोहे, दहीभात, कैरीची डाळ आणि पन्हं एवढं सगळं सूर्य उगवायच्या आत तयार झालं पाहिजे असा नियम होता. बाहेरचं काहीही विकत घ्यायचं नाही हा दुसरा नियम. ‘विकत घेऊन काय, कोणीही मजा करेल,’ अण्णा म्हणायचे. आई चुलीपुढे घाम पुसत म्हणायची, ‘हो ना. कोणीही करेल.’ ती एवढंच बोलायची, आणि अण्णांना त्यातलं काही लागायचं नाही.

अशा रीतीने आम्ही पुण्याच्या आसपासची सगळी थंड हवेची ठिकाणं तपासली. पर्वतीवर अण्णांनी झाडाखाली थर्मामीटर टांगला आणि पाव तास आम्हाला बोलू दिलं नाही, कारण श्वासाने पारा चढतो. घरापेक्षा एक अंश कमी भरला. ही बातमी नानांना सांगितल्यावर ते म्हणाले, ‘तेवढा तर आमच्या मोरीत असतो.’ तळजाईला वारा होता, पण वाऱ्याची नोंद थर्मामीटर घेत नाही म्हणून ती जागा बाद. खडकवासल्याला पाण्याकाठी बरं वाटलं, पण पोचेपर्यंत माझ्या पायाला फोड आले आणि आई दगडावर बसून म्हणाली की परतायचं असेल तर तुम्ही दोघं परता. सगळ्यांत गार निघाला तो कात्रजच्या घाटातला बोगदा. तिथे पारा खरोखरच उतरला. अण्णा बोगद्याच्या भिंतीला पाठ लावून, हात लांब करून, थर्मामीटर धरून उभे राहिले, आणि समोरून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने त्यांच्या मातापित्यांचा उद्धार केला. गारवा होता हे खरं, पण सतरंजी पसरायला जागा नव्हती.

विहीर सापडली ती त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर. घाट उतरून, दुपारच्या उन्हात चालत चालत आम्ही बिबवेवाडीच्या शिवाराशी आलो होतो. फिरकीच्या तांब्यातलं पाणी संपलं होतं आणि मी रस्त्यातच फतकल मारून बसले होते. तेव्हा बिबवेवाडी म्हणजे शेतं, अंजिराच्या बागा आणि मधूनमधून टुकटुक करणारी पाण्याची इंजिनं. त्यातल्या एका टुकटुकीच्या दिशेने अण्णा आम्हाला घेऊन गेले. चौकोनी दगडी विहीर होती, एका बाजूने थेट पाण्यापर्यंत पायऱ्या उतरलेल्या. भिंतीतल्या कोनाड्यांत पारवे घुमत होते. खाली हिरवंगार पाणी, आणि काठावर एक बाई लुगड्याचा काचा मारून इंजिनाच्या पट्ट्याशी झटापट करत होती. तिचं नाव ताराबाई. तिने आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला. आई आणि मी पायरीवर टेकलो. अण्णा मात्र सवयीने सायकलीकडे गेले, पंचा सोडला आणि थर्मामीटर घेऊन एकेक पायरी खाली उतरायला लागले.

‘मोजनीवाले हायत व्हय?’ ताराबाईंनी घाबरून आईला विचारलं.

‘नाही हो,’ आई म्हणाली. ‘घरचेच आहेत.’

‘हिरीत काय मोजत्यात?’

‘तापमान,’ खालून अण्णांचा आवाज आला.

‘त्येच्यावर बी सारा बसवनार का काय?’

अण्णा शेवटच्या पायरीवर उकिडवे बसून पाऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी थर्मामीटरला टिचकी मारली, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काठावरच्यापेक्षा अकरा अंश कमी. ‘अगं, इकडे ये,’ ते आईला म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका हळवा झालेला मी त्याआधी ऐकला नव्हता. ‘मिळालं.’

अशा तऱ्हेने लोक ज्यासाठी डोंगर चढून जातात ते आम्हाला जमिनीखाली सापडलं. पुढचे पंधरा दिवस आम्ही रोज सकाळी बिबवेवाडीला जायचो आणि ऊन कलल्यावर परत यायचो. अण्णांनी कचेरीतून रजा घेतली, आणि रजेच्या अर्जात कारण ‘हवापालट’ असं छातीठोकपणे लिहिलं. वरच्या पायरीला ते ‘बाजारपेठ’ म्हणायचे, मधल्या टप्प्याला ‘पॉइंट’. तिथे सतरंजी पसरायची, भिंतीला टेकायचं आणि दर तासाला पारा बघायचा. ताराबाईंना ते काही विकत न घेणारं, कसली मागणी न करणारं, पण उठायचंही नाव न घेणारं गिऱ्हाईक वाटत असणार. तिने अण्णांना मास्तर म्हणायला सुरुवात केली, कारण ते सारखं काहीतरी समजावून सांगत असायचे. आपण मास्तर नाही हे अण्णांनी दोनदा सांगून पाहिलं. मग ते त्या हाकेला ओ द्यायला लागले.

आईच्या पंधरा दिवसांबद्दल मला इथे सांगितलंच पाहिजे, कारण तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ताराबाई आमच्या डब्यांत डोकावली आणि म्हणाली, ‘एवढं समदं कवा रांधता वो?’ आईने सांगितलं, पहाटे चारला. दुसऱ्या दिवशी ताराबाईंनी आमच्यासाठी ज्वारीच्या भाकरी, खर्डा आणि हाताने फोडलेला कांदा आणून ठेवला. जाळ्यात घालून विहिरीत सोडलेलं कलिंगड वर ओढलं. बाहेरचं खायचं नाही हा नियम मोडत होता. अण्णांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, ‘हे विकतचं नाही.’ आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला. त्यानंतर आई पहाटे चारला उठायची बंद झाली. ती सतरंजीवर आडवी व्हायची आणि दुपारभर शांत झोपायची. घरात ती दुपारी झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. आज माझ्या स्वतःच्या पाठीने सत्तरी ओलांडल्यावर मला कळतं की आमच्यापैकी हवापालट कोणाचा होत होता तर तिचा.

माझं मन मात्र ना पाऱ्यात होतं ना कलिंगडात. ते पाण्यात होतं. ताराबाईंची मुलगी शकू माझ्याच वयाची, अकरा-बारा वर्षांची. ती वरच्या काठावरून नाक धरून उडी मारायची, तळाशी जायची आणि मूठभर चिखल वर आणून मला दाखवायची. वाडीतली लहान पोरं पाठीला वाळवून पोकळ केलेला भोपळा बांधून तिच्या मागे पोहायची. मला त्या पाण्यात उतरायचं होतं. इतकं, की रात्री मला हिरवी स्वप्नं पडायची. ‘शकूच्या आईला सांगून मी भोपळा बांधून शिकते,’ असं मी अण्णांना म्हटलं, तर ते दुखावले. ‘भोपळा म्हणजे परावलंबन,’ ते म्हणाले. ‘पोहणं हे शास्त्र आहे. मी शिकवीन तुला.’

अण्णांना पोहता येत नव्हतं. हे आईला माहीत होतं, मला नव्हतं. तरुणपणी पुरात ओंकारेश्वराच्या घाटावरून उडी मारून आपण पैलतीर गाठला होता अशी एक गोष्ट ते सांगायचे. ती गोष्ट सुरू झाली की आई उठून आत जायची. मला वाटायचं, तिला पुराची भीती वाटते.

शिक्षण घरी, पाटावर सुरू झालं. जेवणाचा पाट मध्यावर ठेवायचा, त्यावर मी पोटावर आडवं व्हायचं, हातपाय अधांतरी. अण्णा खुर्चीत बसून छडीने ताल द्यायचे. ‘एक! हात पुढे, तळवे जोडलेले. दोन! पाणी बाजूला सारा. तीन! पाय बेडकासारखे आखडा आणि झटका. श्वास! श्वास कोण घेणार?’ हे ते कोठून शिकले कोण जाणे. बहुधा वाचनालयातलं कुठलंतरी पुस्तक असावं. सकाळी निघण्याआधी अर्धा तास आणि रात्री जेवणाआधी अर्धा तास. पाटाच्या कडेने माझ्या पोटावर वळ उठले. पाटाखाली फरशी होती, ती मी पोहून पोहून झिजवली असती. पण प्रत्यक्ष पाण्यात कधी उतरायचं, हे विचारलं की अण्णा म्हणायचे, ‘शास्त्र पक्कं होऊ दे.’ आठव्या दिवशी ते पक्कं नव्हतं. बाराव्या दिवशीही नव्हतं. शकू पाण्यातून हाक मारायची, ‘सुमे, येतीस का? किती दिस पाटावर पवनार?’ आणि मी पायरीवर बसून पाय भिजवायचे. सुट्टी संपत आली होती, रजाही. मला मनापासून वाटायला लागलं की मी या विहिरीत उतरले नाही तर पुढच्या वर्षापर्यंत जगू शकणार नाही.

मध्येच आताचं एक सांगते. माझा नातू ज्या सोसायटीत राहतो ती त्याच बिबवेवाडीत आहे. विहीर कुठे होती ते मी बरंच शोधलं. माझा अंदाज असा की ती दुसऱ्या इमारतीच्या पार्किंगखाली असावी, पण तिथला वॉचमन म्हणतो की इथे आधी काहीच नव्हतं. सोसायटीला निळ्या फरशांचा पोहण्याचा तलाव आहे आणि त्याच्या भिंतीवर एकवीस नियमांची पाटी. ती वाचताना मला अण्णांचा आवाज ऐकू येतो. तलावात मात्र कधी कोणी दिसत नाही, कारण मे महिन्यात सगळी सोसायटी परदेशी गेलेली असते आणि तिथलं तापमान मोबाइलवर पाठवत असते.

चौदाव्या दिवशी नाना आमच्याकडे आले. ते त्या वर्षी लवकर परतले होते, मफलर नुकताच उतरला होता, आणि गल्लीत आल्या आल्या त्यांच्या कानावर गेलं की अण्णांनी थंड हवेचं ठिकाण शोधलंय, जाऊन-येऊन पायी. ‘एकदा आम्हालाही दाखवा की आपलं महाबळेश्वर,’ ते म्हणाले. अण्णा याच वाक्याची वर्षानुवर्षं वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी नाना स्वारगेटपर्यंत बसने आणि पुढे आमच्याबरोबर चालत आले. पायात बूट, डोक्यावर हॅट, हातात महाबळेश्वरची काठी. विहिरीच्या काठावर उभं राहून त्यांनी आत पाहिलं.

‘ही तर विहीर आहे,’ ते म्हणाले.

‘आपण खाली या,’ अण्णा म्हणाले.

नाना काठी टेकत मधल्या टप्प्यापर्यंत उतरले. अण्णांनी पाव तास थर्मामीटर धरला. पाव तास कोणी बोललं नाही, पारवे सोडून. मग नानांनी स्वतःचा चष्मा लावून पारा वाचला, अण्णांना बाजूला करून पुन्हा वाचला. ‘हं,’ ते म्हणाले. पुण्यात एवढं म्हणणं म्हणजे शरणागती. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. पण नाना हरून घरी जाणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

‘गारवा आहे, मान्य. पण तिथे बोटिंग असतं. इथे काय?’

‘इथे पोहणं असतं,’ अण्णा म्हणाले.

‘पोहतं कोण?’

‘सुमन शिकतेय. माझ्याकडे.’

‘असं? मग आपणच दाखवा ना एकदा. ते ओंकारेश्वराचं ऐकून आहोत बरीच वर्षं.’

विहिरीत कोणी कुजबुजलं तरी वरपर्यंत ऐकू जातं. इंजिनाच्या खोपटातून ताराबाई बाहेर आली होती. शकू पाण्यात एका कपारीला धरून तरंगत होती. आई सतरंजीवर उठून बसली.

‘जेवल्यावर दोन तास पाण्यात उतरू नये,’ अण्णा म्हणाले.

‘जेवलोय कुठे अजून आपण?’

‘उपाशीपोटी तर मुळीच उतरू नये.’

नाना हसले. मोठ्याने नाही, नुसते ओठ एका बाजूला ओढून. ते हसू मला अजून दिसतं. आणि अण्णा त्यांच्याकडे न बघता हातातला थर्मामीटर पंच्याने पुसायला लागले, तो कोरडा असताना. अण्णांना पोहता येत नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही. मला एवढंच कळलं की अण्णांना कोणीतरी कोपऱ्यात गाठलंय, आणि त्यांचं शास्त्र खरं आहे हे दाखवणारं विहिरीत माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. चौदा दिवस मी पाट झिजवला होता. आता उडी मारली नाही तर कधी, असंही वाटलं. सगळंच काही पितृप्रेम नव्हतं. मी परकर खोचला, पॉइंटच्या कडेला गेले आणि उडी मारली.

पाणी इतकं गार असेल असं कोणी सांगितलं नव्हतं. थर्मामीटरनेही नाही. मी सरळ खाली गेले. कानांत इंजिनाची टुकटुक मोठी झाली आणि मग बंदच पडली. विहिरीला दोन पुरुष खोल पाणी होतं आणि मला वाटतं मी त्यातलं बरंच पाहिलं. भीती वाटायलाही वेळ लागतो. तो मिळण्याआधीच माझे हात जोडले गेले होते. एक. मी काही ठरवलं नव्हतं, ते आपोआपच झालं. दोन, पाणी बाजूला. तीन, बेडूक. डोकं वर आलं, तोंडात अर्धा श्वास आणि अर्धं पाणी. पुन्हा एक, दोन, तीन. शकू जवळ आली होती, पण तिने हात लावला नाही, नुसतं ‘आली की गं, आली की!’ असं ओरडली. चौथ्या खेपेला माझी बोटं पायरीच्या दगडाला लागली. मी वर चढून बसले, नाकातून पाणी गळत होतं, आणि मी हसत वळून अण्णांना शोधलं.

अण्णा टप्प्यावर नव्हते. पाण्यावर त्यांची काळी टोपी तरंगत होती.

ते माझ्या पाठोपाठच उडाले होते. चष्म्यासकट, कोटासकट, धोतरासकट, हातातल्या थर्मामीटरसकट. पाण्याच्या मध्यावर धोतराचा फुगा वर आलेला होता आणि एक हात, बस्स. मी किंचाळले. आई कशी धावली ते मला आठवत नाही, पण ती शेवटच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि ‘अहो! अहो!’ एवढंच म्हणत होती. नाना टप्प्यावर काठी धरून उभे होते, त्यांचा चेहरा पांढराफटक. ताराबाई मात्र वरच्या काठावरून थेट आत पडली. तिने अण्णांना कोटाच्या कॉलरला धरून, बुडवलेलं घोंगडं ओढावं तसं पायरीपर्यंत ओढत आणलं, पालथं घातलं आणि पाठीवर दोन बुक्क्या मारल्या. अण्णांच्या तोंडातून पाणी आलं. मग खोकला आला. मग ते उठून बसले.

‘मास्तर,’ ताराबाई धापा टाकत म्हणाली, ‘पवता येत न्हाई व्हय तुमास्नी?’

वर नाना ऐकत होते. अण्णांनी चष्मा नसलेल्या डोळ्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

‘नाही,’ ते म्हणाले.

‘मंग उडी कशापायी टाकली?’

‘पोरगी आत होती.’

‘पोरगी ही काय, पायरीवर बसलीया.’

‘तेव्हा नव्हती,’ अण्णा म्हणाले आणि पुन्हा खोकले.

आईने पदराने त्यांचं डोकं पुसायला सुरुवात केली. चारचौघांत तिने कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, अंगाला हात लावणं तर दूरच. ती पुसतच राहिली, डोकं कोरडं झालं तरी. मला रडू येत होतं आणि त्याचबरोबर इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. मी पोहले याचा नाही. तापमान मोजल्याशिवाय ज्याने कधी सतरंजी पसरली नाही, त्या माणसाने काही न मोजता उडी टाकली होती, याचा. शकूने तीन वेळा बुडी मारली, पण चष्मा आणि थर्मामीटर चिखलातून वर आले नाहीत. शेवटी नानांनी घसा खाकरला. ‘राहू दे, पोरी,’ ते म्हणाले. ‘एवढं गार ठिकाण आहे, त्यालाही राहावंसं वाटलं असेल.’

परत येताना अण्णा चष्म्याशिवाय सायकलीचं कॅरियर धरून चालत होते आणि सायकल आई ढकलत होती. स्वारगेट आलं. मग अण्णा म्हणाले, ‘शास्त्र बरोबर होतं.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘मग तुम्ही का नाही केलंत पाटावर?’

अण्णांनी पायाने चाचपून एक खड्डा ओलांडला.

‘पाट एकच होता,’ ते म्हणाले.

नानांनी ही हकीकत गल्लीत सांगितली. सांगणारच, मी त्यांच्या जागी असते तर मीही सांगितली असती. दर वेळी विहीर थोडी खोल होत गेली आणि धोतराचा फुगा मोठा. पोरं अण्णांना ‘पाणबुडी’ म्हणायला लागली, आणि दूधवाला भर उन्हात विचारायचा, ‘काय अण्णा, वाटेत पाऊस लागला का?’ ओंकारेश्वराची गोष्ट अण्णांनी पुन्हा कधी सांगितली नाही. पण मला एक ऐकू आलं. ओट्यावर नाना रंगवून सांगत होते आणि लोक हसत होते, तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘पोहता येत नाही तर उडी मारायची कशाला? मूर्खपणा सगळा.’ त्यावर नाना उठून उभे राहिले. ‘मी तिथेच उभा होतो,’ ते म्हणाले. ‘माझ्याच्याने नाही मारवली.’ आणि आत निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा बिबवेवाडीला जायला लागलो. डबे नव्हते, थर्मामीटर नव्हता. अण्णांनी नवीन घेतलाच नाही. पहिल्याच दिवशी ते ताराबाईंपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘आपल्याकडे भोपळा आहे का?’ ताराबाईंनी त्यांच्या पाठीला भोपळा बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि वाडीतल्या चार-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत त्यांना पाण्यात सोडलं. मी शेवटच्या पायरीवर बसून ताल द्यायचे. ‘एक! दोन! तीन! श्वास, अण्णा, श्वास कोण घेणार?’ वरून ताराबाई ओरडायची, ‘मास्तर, पाय! पाय मारा की! हात कसलं हालवताय, भाषन देताय व्हय?’ आई सतरंजीवर झोपलेली असायची. ओरडा फार झाला की कूस बदलायची.

त्या वर्षी नानांचा टांगा काही दारात लागला नाही. आठवडाभराने, एका सकाळी, ते एकटेच विहिरीच्या काठावर उगवले. हॅट, काठी, बूट. कोणी बोलावलं नव्हतं. ते पायऱ्या उतरत टप्प्यावर आले आणि पाण्यात भोपळ्याच्या जोरावर तरंगणाऱ्या अण्णांकडे बघत उभे राहिले.

‘काय, अण्णा,’ ते म्हणाले, ‘आज किती आहे?’

‘गार आहे,’ अण्णा म्हणाले.

नाना आकड्याची वाट बघत थांबले. आकडा आला नाही.

‘म्हणजे किती?’

‘उतरा, म्हणजे कळेल,’ अण्णा म्हणाले.

नानांनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वर काठाकडे पाहिलं. गल्लीतलं दुसरं कोणी तिथे नव्हतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, त्यावर हॅट अडकवली, शेवटच्या पायरीवर माझ्या शेजारी बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

‘शके,’ वरून ताराबाईंची हाक आली, ‘दुसरा भोपळा आन गं. मोठा बघून आन.’